चारुलताची तयारी

सदर इसमाचे नाव श्रीपाद नारायण आगटे. वय अडतीस, राहणार चिंचवड, स्टेशनच्या पलीकडे. हुद्दा: इंजिनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तपासनीस. ओळखण्याची खूण: शर्टाच्या खिशात जाडी मोजायचा मायक्रोमीटर. अपत्ये: एक. वर्तणुकीबद्दल तक्रार नाही.

तक्रार होती ती अपत्याबद्दल. चारुलता आठ वर्षांची, तिसरीत. "तुझं नाव काय?" असं विचारलं, की तीही "तुझं नाव काय" म्हणे, आणि तेही विचारणाऱ्याच्याच आवाजात. घंटा झाली की कान दाबून बाकाखाली शिरे आणि तास संपला तरी बाहेर येत नसे. सगळ्या वर्गाच्या चपला ती दाराशी लहान-मोठ्या क्रमाने लावून ठेवी. या कामाची शाळेने दखल घेतली नव्हती.

१९७४च्या जूनमध्ये, तिसरीचा वर्ग स्वतःच घेणाऱ्या मुख्याध्यापिकाबाईंनी श्रीपादरावांना बोलावलं. "पुण्याला इस्पितळात अशा मुलांची तपासणी होते. हिला काय आहे ते लेखी आणा. काही असलं तर मी सांभाळून घेईन. नसलं, तर मला आणखी पंचेचाळीस मुलं बघायची आहेत."

इस्पितळाने ऑक्टोबरची तारीख दिली. म्हणजे हातात चार महिने होते, आणि इथेच घोटाळा झाला.

बाहेरचा माणूस माल बघायला येणार असला, की कारखान्यात आधी तयारी होई. फरशी धुतली जाई. पाहुण्यापुढे ठेवायचे नग आधी आपणच तीनदा मोजायचे. याला कुणी लबाडी म्हणत नसे. पाहुण्याचा वेळ वाचतो, असं म्हणत.

लेथवर चाकणकडचे अर्जुनराव होते. त्यांच्या पुतण्याला त्याच इस्पितळात नेलं होतं. "ठोकळे देत्यात, चित्रं दावत्यात. कुत्र्याला पाय किती, आग लागली तर काय करशील, असलं इचारत्यात," ते म्हणाले. श्रीपादराव कागद-पेन्सिल काढून पुढचं लिहून घ्यायला लागले, तसे अर्जुनराव हसले. "काय राव, पोरगी हाय का पिष्टन?"

चाळीस प्रश्न जमले. रोज संध्याकाळी सहा ते सात उजळणी.

"अहो," त्यांच्या पत्नी सुमेधाताई एकदा म्हणाल्या, "तिला काय जमत नाही तेच दाखवायला नेतोय ना आपण?"

"न येणारं दाखवायला कुणी मुलीला परीक्षेला बसवतं का?" श्रीपादराव म्हणाले. त्यांच्या घराण्यात कुणी नापास झालेलं नव्हतं.

चारुलताने चाळीसही उत्तरं पाठ केली. इस्पितळात ती भिंतीकडे बघत ठोकळे लावत गेली आणि उत्तरं देत गेली. अहवाल आला: बुद्धी सर्वसाधारणाहून वरची, दोष आढळला नाही, स्वभाव हट्टी. श्रीपादरावांनी कारखान्यात पेढे वाटले.

मुख्याध्यापिकाबाईंनी अहवाल दोनदा वाचला. "म्हणजे ही नाटकं करते तर," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून घंटा झाली की चारुलताला बाकावर उभं करायला लागल्या. तिसऱ्या दिवशी ती मनगट चावून रक्ताळून घरी आली. सुमेधाताईंनी पट्टी बांधली. श्रीपादरावांनी दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि एकटेच पुण्याला गेले.

"बाई, मी तिची तयारी करून घेतली होती," त्यांनी तपासणी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. चाळीस प्रश्नांचा कागदही पुढे ठेवला.

बाईंनी तो वाचला. "यातले एकतीस आमचेच आहेत. म्हणजे त्या दिवशी मी तिला तपासलंच नाही, तुम्हाला तपासलं."

"तिला काय आहे मग?"

"एक शब्द आहे, ऑटिझम. इकडे फारसा कुणी लिहीत नाही. पण मुलगी न बघता मीही लिहिणार नाही."

"उद्या आणतो तिला."

"उद्या ती पुन्हा तुमचीच उत्तरं देईल. नियमाने हे प्रश्न वर्षभर विचारता येत नाहीत, आणि दुसरे आमच्याकडे नाहीत."

बाईंनी लगेच शाळेच्या नावाने पत्र टंकून घेतलं: पूर्वतयारीमुळे मागील निष्कर्ष ग्राह्य धरू नये. फेरतपासणी बारा महिन्यांनी. तोपर्यंत सदर विद्यार्थिनीकडे वर्गात विशेष लक्ष पुरवावे.

पत्र नियमाप्रमाणे टपालाने गेलं आणि नवव्या दिवशी शाळेत पोचलं. त्यावर आवक क्रमांक पडला. चारुलताचं नाव शाळेने पाचव्या दिवशीच पटावरून काढलं होतं.