नवव्या दर्जाच्या अधिकाऱ्याची बायको

आमच्या कामगोल गावात पद नसलेला म्हातारा एकच होता, थाक मान-बोक. बाकी सगळे काही ना काही होते. कुणी गावप्रमुख, कुणी माजी गावप्रमुख, कुणी कालव्याचा अध्यक्ष. पद एकदा मिळालं की आमच्याकडे ते मरेपर्यंत माणसाला चिकटतं. योम हेडमास्तरांची शाळा पाडून तिथे लसणाचं गोदाम झालं, तरी ते हेडमास्तरच. मान-बोकला मात्र सगळे नुसतं मान-बोक म्हणत. कुणाचा पंप बिघडला की तो चिखलात आडवा होऊन दुरुस्त करायचा आणि वाटीभर किमची घेऊन घरी जायचा. ज्येष्ठांच्या हॉलमध्ये जमीन खालून तापवलेली असते, आणि कुणी किती उबेत बसायचं ते पदावर ठरतं. मान-बोक दाराशी, चपलांजवळ बसायचा. तिथे जमीन गारच. पण त्याबद्दल त्याने कधी तोंड उघडलं नाही.

तोंड उघडलं ते बायकोच्या पहिल्या वर्षश्राद्धाला. जोम-सुन आदल्या वर्षी लसूण काढणीच्या दिवसांतच गेली. मी भिंतीपलीकडची शेजारीण, म्हणून स्वयंपाकाला मीही होते. ताटांच्या मागे कागदाची उभी पट्टी लावायची, मेलेल्याचा जीव येऊन तिच्यावर बसतो, जेवतो, आणि मग ती पट्टी जाळायची. ती कुंचल्याने लिहिण्याचं काम हेडमास्तरांचं, कारण जुनी चिनी अक्षरं गावात त्यांनाच येतात.

"काय लिहिलंत?" मान-बोकने विचारलं.

"रीतीप्रमाणे. नवव्या दर्जाच्या अधिकाऱ्याची पत्नी, माहेरच्या पे घराण्यातली."

"कुठल्या अधिकाऱ्याची?"

"कुठल्या म्हणजे? राजाच्या काळापासून तसं लिहितात. गेलेल्या बाईला मान असतो तो."

"पण मी अधिकारी नाही."

"ते कोण म्हणतंय? तू गेलास की तुझ्या कागदावर 'विद्यार्थी' लिहायचं. बिनपदाच्या पुरुषाला तेच लिहितात."

"मी तिसरीत शाळा सोडली, हेडमास्तर. आणि ती तर शाळेच्या दारातही गेली नव्हती."

"म्हणून काय झालं? रीत ती रीत. सरक, धूप लावू दे."

त्या दिवशी मान-बोक जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून त्याचं डोकं वर आलं.

"वहिनी, मी गेलो की पोरगा आमचे दोन्ही कागद शेजारी लावणार. एकीकडे अधिकाऱ्याची बायको आणि तिच्या बाजूला विद्यार्थी. वरच्या दारावरचा माणूस विचारणार नाही का, हे पोरगं बाईंना चिकटून का बसलंय म्हणून? उठवतील हो मला."

"असं कसं उठवतील? देवाला माणूस कळतो."

"देवाला कळेल. पण दारावरच्याला कळेल का?"

संध्याकाळी देवळात दिवा लावायला गेले तेव्हा बुद्धासमोर त्याच्यासाठी दोन शब्द टाकले. दारावरच्याचं नाव काय ते मलाही ठाऊक नव्हतं.

इकडे आठवडाभरात तो कागदावरचा अधिकारी गावात सगळ्यांच्या ओळखीचा झाला. हॉलमध्ये पत्ते खेळताना खजिनदार म्हणाला, "नववा दर्जा म्हणजे पगार बेताचाच."

"बेताचा का असेना, महिन्याच्या महिन्याला येतो," जोम-सुनची थोरली बहीण ओक-बुन म्हणाली. "आणि त्याच्या अंगाला पंपाच्या ग्रीसचा वास तरी येत नसेल."

"पीत असेल का?"

"पीत असेल तर वरच्यांबरोबर. आपल्यासारखं ओसरीवर बसून नाही."

मान-बोक दाराशी बसून ऐकत होता. त्याचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता हा त्या अधिकाऱ्याला शोधायला निघणार. त्याऐवजी तो गावप्रमुख मिनकडे गेला.

"मला एक पद दे."

"पद म्हणजे काय कोबीचा गड्डा आहे का, दादा? सगळी भरलेली आहेत."

"कुठलंही चालेल. मला छातीचं दुखणं आहे, जास्त दिवस अडवून ठेवणार नाही."

मिन मनाने वाईट नव्हता. त्याने सभा बोलावली. बराच काथ्याकूट झाला आणि शेवटी आठवलं, की गावच्या बसथांब्याला कुणी प्रमुख नाही. बस बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण थांबा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या लाउडस्पीकरवर जाहीर झालं: "बसथांबाप्रमुख म्हणून श्रीमान थाक मान-बोक यांची नेमणूक झाली आहे. गावकऱ्यांनी नोंद घ्यावी."

गावकऱ्यांनी घेतलीच. त्याच दुपारी त्याला दाराजवळून उठवून उबदार जागी बसवलं. सवय नव्हती, बिचाऱ्याचं बूड भाजलं. पण प्रमुखाने असं उठून जायचं तरी कसं? पत्त्यांत सगळे त्याच्याकडून मुद्दाम हरायला लागले. माझा पंप बंद पडला तर मीही त्याला हाक मारली नाही. प्रमुखांना चिखलात झोपा म्हणायचं कसं? शहरातून मेकॅनिक आणला, तर त्याने होता तोही भाग मोडून ठेवला. वर चार म्हातारे बस का येत नाही म्हणून तक्रार घेऊन प्रमुखांच्या दारात उभे! मान-बोकने त्यांची माफी मागितली.

हे सगळं त्याने सोसलं. मग आंघोळ करून, कोट घालून तो हेडमास्तरांकडे गेला. "आता माझ्या कागदावर काय लिहाल?"

"विद्यार्थी."

"का? मी प्रमुख आहे!"

"ते गावचं पद. कागदावर राजाने दिलेलं लागतं, फार तर सरकारने."

"मग तिच्या अधिकाऱ्याला कुठल्या राजाने दिलं?"

"तो अधिकारी नाहीच आहे रे, मूर्खा!"

"नसलेल्याला दर्जा मिळतो, आणि मी इथे जिवंत बसलोय!"

आता एकच वाट उरली होती. दुसरं वर्षश्राद्ध जवळ आलं तसा तो म्हणू लागला, की मला चढवता येत नसेल तर तिला खाली उतरवा. कागदावरून अधिकारी काढून टाका, नुसती मान-बोकची बायको लिहा.

हे कानावर पडताच ओक-बुन लसणाची जुडी हातात घेऊनच त्याच्या अंगणात शिरली. मागोमाग आम्ही सगळ्या.

"काढतोस? तिच्या नावाचा मान काढतोस?"

"ताई, तसं नाही, मला फक्त तिच्या शेजारी..."

"गप! पन्नास वर्षं तू तिला काय हाक मारलीस? 'ए'. 'ए, मीठ. ए, मोजे.' आणि ती? 'अहो, आणते हं.' तुझं ताट आधी, तिचं शेवटी. जन्मभर कुणी तिला बाई म्हटलं नाही, मेल्यावर म्हटलं, आणि ते तुला खुपतंय? अरे, तो अधिकारी खोटा असेल, पण मान तर तिचा आहे ना?"

मान-बोक पायरीवर बसला. जुडीतून गळलेल्या पाकळ्या वेचू लागला. मग म्हणाला, "राहू दे तिला."

दुसऱ्या दिवशी त्याने बसथांब्याचं पद मिनला परत केलं आणि माझा पंप दुरुस्त करून दिला.

वर्षश्राद्धाला मुलगा सोलहून आला होता. कागद लागला, अक्षरं तीच. मुलाने नमस्कार केला. आमच्याकडे बायकोच्या श्राद्धात नवरा वाकत नाही, नुसता उभा राहतो. मान-बोक पुढे झाला आणि सरळ गुडघ्यांवर बसला.

हेडमास्तर ओरडले, "अरे, नवरा बायकोपुढे वाकतो का?"

"नवरा कुठला? तुमच्याच हिशेबाने मी विद्यार्थी. आणि या अधिकाऱ्याच्या बाईसाहेब." त्याने कपाळ जमिनीला टेकवलं. स्वयंपाकघरात आम्ही वाढायचं थांबवलं. हेडमास्तरांनी रीतींचं पुस्तक काढलं, चाळलं. पुस्तकात काही सापडलं नसावं.

मान-बोकने सूपाचा वाडगा कागदाकडे सरकवला. घसा खाकरला, आमच्याकडे चोरून पाहिलं, पुन्हा खाकरला.

"अहो," तो म्हणाला, आणि कानांपर्यंत लाल झाला. "अहो, जेवून घ्या. मला यायला थोडा वेळ लागेल. तेवढी शेजारची जागा... धराल का?"

ओक-बुनने डोळ्यांना एप्रनचं टोक लावलं आणि आतूनच खेकसली, "धरेल, धरेल. आता उठ, गुडघे धरले तर तुला उचलायचं कुणी?"