गवंडीचाचा आणि साहेबाचा बंगला

मिरजगावात माणसांच्या पिढ्या सांगणारे पुष्कळ होते. भिंतींच्या पिढ्या सांगणारे एकटे आमचे गवंडीचाचा. कुणाच्याही घरी गेले की यजमानाला सलाम करायच्या आधी ते भिंतीवर बोटाने टकटक करायचे आणि कान लावून ऐकायचे. एका लग्नात जेवण सोडून त्यांनी वधूपित्याला बाजूला घेतलं आणि माळवद नेमकं कुठे गळणार ते दाखवलं. ते तिथेच गळलं, आणि तेव्हापासून चाचांना लग्नाची बोलावणी कमी येऊ लागली.

गावाबाहेर एका इंग्रज साहेबाचा बंगला होता, त्याच्यावर मात्र त्यांचा जीव. तो त्यांच्या वडिलांनी बांधलेला. विलायतेतल्या खेड्यातल्या घराची हुबेहूब नक्कल: बर्फ घसरून पडावं असं उतरतं छप्पर, भिंतीत शेकोटी, वर विटांचं उंच धुराडं.

"एवढ्या उन्हाच्या गावात शेकोटी कशाला हो?" मी एकदा विचारलं.

"सायबाला घरची याद यायची, मास्तर. याद काय ऊन बघून येती व्हय?"

इंग्रज गेले, बंगल्यात शाळा भरली आणि मी तिथला हेडमास्तर झालो. पोरं मावेनात, म्हणून दोन खोल्यांमधली शेकोटीची भिंत पाडायला ओव्हरसियर आले. चाचा भिंत सरळ आहे का पाहायचा ओळंबा घेऊन थेट शेकोटीतच जाऊन बसले.

"छपराची तुळई हिच्यावर बसलीय. आदी टेकू द्या, पोरं भाईर काडा!"

ओव्हरसियर हसले. खरं सांगतो, मोठ्या वर्गाचा मोह मलाही होता. पण दुपार झाली तरी चाचा उठेनात, तेव्हा निव्वळ त्यांची समजूत काढायला मी पोरं लिंबाखाली नेऊन बसवली. मग चाचांनी स्वतः बाभळीचे दोन टेकू लावले.

गड्यांनी चौथी वीट काढली आणि वर कडाडलं. तुळई बोटभर खाली आली, चुना भसाभस कोसळला, ओव्हरसियर खिडकीतून बाहेर! पण टेकूंनी छप्पर तोलून धरलं. मी लिंबाखाली धावत जाऊन तीनदा हजेरी घेतली. सगळी पोरं होती. मग तिथेच मातीत बसून मी वेड्यासारखा हसत सुटलो.

भिंत चाचांनीच पुन्हा सांधली. ते हात धूत असताना मी विचारलं, "चाचा, तुम्हाला पक्कं ठाऊक होतं?"

"न्हाई, मास्तर," ते हळूच म्हणाले. "बापाला मी कदी इचारलंच न्हवतं. पन पोरं आत हुती."

पुढच्याच वर्षी चाचा गेले. त्या बंगल्याबद्दल कितीतरी विचारायचं माझंही राहूनच गेलं.