दुसऱ्याने रुळवलेले बूट

उत्तमला भेटायला गेलात की तो आधी तुमच्या पायांकडे बघतो. तोंडाकडे नंतर. माझ्या चपला कुठल्या दुकानातल्या आणि टाच कोणत्या बाजूने झिजलीय हे त्याला माझ्याआधी कळतं. लोकांना वाटतं, म्हातारा खाली मान घालून बोलतो, किती नम्र! नम्र कसला? जळतो तो. बुटांवर जळतो.

नायगावच्या बीडीडी चाळीत आमच्या समोरची खोली त्याची. मी शाळेत शिकवायचे, तो मिलमध्ये साच्यांवर, म्हणजे मागांवर होता. त्याचा थोरला भाऊ राजाराम फौजेत. चाळीला फौजेचं नवल नव्हतंच, कितीतरी घरांत कुणाचा तरी आजा नाहीतर पणजा पलटणीत होऊन गेलेला. पण उत्तमची गोष्ट वेगळी. तो फौजेत नव्हता आणि फौजेबाहेरही नव्हता. तो टेरिटोरियलमध्ये होता. आठवडाभर आपली नोकरी, सुट्टीला कवायत, वर्षातून एकदा कॅम्प, आणि सरकारला गरज पडली की पूर्ण वेळेचा बुलावा. बुलावा आला की फौजेसारखाच पगार नि रेशन.

कागदावर सगळं फौजेसारखंच. आता अंगावरचं ऐका. कॅम्प सुरू झाला की स्टोअरमधून सामान मिळायचं आणि संपला की धुऊन-पुसून परत जमा करायचं. कोट मिळायचा त्यावर आधीच्या कुणाचा तरी नंबर. बटणं जशी उरली असतील तशी. राजारामच्या पलटणीत नव्या बंदुका येऊन जुन्या झाल्या, तरी ह्यांच्या खांद्यावर थ्री नॉट थ्रीच. एका वर्षी सरावाची काडतुसं संपली, तर हवालदाराने सांगितलं, तोंडाने ‘ठो’ म्हणा. अर्धी कंपनी माळावर आडवी पडून ‘ठो, ठो’ ओरडत होती. हे उत्तमनेच सांगितलं आणि आम्ही गॅलरीत हसून लोळलो. तो मात्र हसला नाही.

"तुम्ही हसा, बकुळाताई," तो म्हणाला. "रस्त्याच्या पलीकडे खऱ्या फौजेचा तळ होता. त्यांची पोरं कुंपणाला लागून आमच्याकडे बघत बसलेली. हातात गरम चहा."

राजाराम सुट्टीवर आला की काळी पेटी यायची. ती उघडली की चाळ गोळा व्हायची. लोकरी मोजे, जाड जर्सी, कॅन्टीनचं सामान. राजाराम मनाचा मोठा, कुणाला साबण दे, कुणाला बिस्किटं दे. पण जीभ तिखट.

"काय टेरिटोरियल, ह्या वर्षी पॅन्टला नाडी तरी मिळाली का?"

"मिळाली. तुझीच जुनी असेल," उत्तम म्हणायचा. सगळे हसायचे, आणि उत्तम पेटीकडे बघत राहायचा.

मग ब्याऐंशीचा संप आला. पहिले काही महिने जोशात गेले. पावसाळा उलटल्यावर जोश डब्यांच्या तळाशी गेला. उत्तमची बायको दमयंती दादरला दोन घरी पोळ्या करायला लागली. दिवाळीनंतर तिचा भाऊ गावाहून आला आणि स्पष्ट म्हणाला, "भावजी, इथं उपाशी राहण्यापेक्षा बहिणीला नि पोरांना मी घेऊन जातो."

"कॅम्प होऊ दे," उत्तम म्हणाला. "ह्या वेळी तिथूनच बुलावा आहे. आसामात तेलाच्या पायपांवर पहारा. निवड झाली तर पगार घरी येईल. नाही झाली तर न्या."

म्हणजे असं, की त्या एका कॅम्पवर दमयंतीचं मुंबईत राहणं टांगलेलं होतं. निवड कशावर? शेवटच्या लांब चालीवर. पाठीवर वजन, खांद्यावर बंदूक, पहाटे निघायचं आणि दुपारच्या जेवणाआधी तळावर परत. ज्याचे पाय धड तो आसामला.

त्याच दिवसांत राजाराम सुट्टीवर होता आणि पेटीत होते कोरे करकरीत बूट. रबरी जाड तळवा, काळंभोर कातडं, अजून दोरीसुद्धा न ओवलेले. भावांचं माप एकच. उत्तमने मागितले असते तर राजारामने दिले असते. दोन टोमणे मारले असते, पण दिले असते. ते दोन टोमणेच उत्तमला नको होते. राजाराम भायखळ्याला कुणाला भेटायला गेला तेव्हा खुंटीवरची किल्ली काढून त्याने बूट उचलले आणि कॅम्पच्या पिशवीत तळाशी घातले.

दमयंतीने बघितलं. "भावोजींना विचारलंत?"

"त्याला दरसाल नवे मिळतात. एकदा माझ्या पायात गेले तर झिजणार आहेत का?"

देवळालीजवळच्या कॅम्पात नेहमीप्रमाणे स्टोअरचे बूट मिळाले. उत्तमच्या वाट्याला आले ते सुरकुतलेले, टाचेला ठिगळ लावलेले. आमच्याच चाळीतला, मिलमध्ये त्याच्या शेजारच्या साच्यावरचा दत्तू, त्याच्याचबरोबर भरती झालेला, त्याचं नशीब अजून खोटं. त्याच्या बुटाचा पुढचा तळवा सुसरीसारखा तोंड उघडायचा. चालीच्या आदल्या संध्याकाळी उत्तमने आपले बूट दत्तूपुढे टाकले.

"घे. मला नकोत."

"आणि तू काय घालणार, मुंडावळ्या?"

उत्तमने पिशवीतून नवे बूट काढले. दत्तूने शीळ घातली. सुभेदार बघेल अशी भीती नव्हतीच. दोघांचं एकसारखं असेल तर वेगळं दिसणार ना! तिथे एकाचं दुसऱ्यासारखं काहीच नव्हतं.

आता चूक काय झाली ती सांगते, कारण राजारामसारख्या माणसाच्या हातून ती कधी झाली नसती. फौजेतला शिपाई नव्या बुटाला आधी तेल पाजतो, ओला करतो, बराकीत घालून फिरतो, महिनाभर शिव्या देतो आणि मग बूट रुळला की चालीला काढतो. हे त्याला पहिल्या वर्षी कळतं, कारण बूट त्याचा स्वतःचा असतो. टेरिटोरियलवाल्याला नवा बूट मिळतोच कुठे? उत्तमच्या पायात आलेला प्रत्येक जोड आधी चार जणांनी घालून मऊ केलेला. मिलमध्ये तो अनवाणी, चाळीत रबरी स्लिपर. नवा फौजी बूट चावतो हे त्याला माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

पहिला चढ छान गेला. "हवेत चालल्यासारखं वाटत होतं, ताई," असं तो अजून सांगतो. मग टाचेला आग लागली. मग करंगळीला. ओढ्यापाशी पोचेपर्यंत मोजे पायाला चिकटले होते. दत्तू शेजारून म्हणाला, "काढ ना बूट, साच्यावर कुठे बूट घालायचास?" ते जुने ठिगळवाले बूट घालून तो मजेत चालला होता. उत्तमने त्याला शिवी दिली. नवे बूट काढून त्या जुन्या बुटांमागून अनवाणी चालायचं? मेलो तरी नाही, म्हणाला.

तळावर तो वेळेत पोचला. रडतखडत, पण वेळेत. रांगेत सुभेदाराने फर्मावलं, "पैर दिखाओ." उत्तमने मोज्याबरोबर कातडीही सोलून काढली. सुभेदाराने डॉक्टरकडे बघितलं, डॉक्टरने मान हलवली. आसामची तुकडी त्याच आठवड्यात निघणार होती. सोललेला पाय कोण नेणार?

"अगला," सुभेदार म्हणाला. पुढचा दत्तू होता.

उत्तम लंगडत घरी आला तेव्हा राजारामने पेटी उघडून रिकामी जागा बघितलेलीच होती. मी दारातच होते. वाटलं, आता भांडण जुंपणार. राजारामने भावाचे पाय बघितले आणि डोक्याला हात लावला.

"अरे येड्या, तेल न लावता घातलेस? एक शब्द विचारायचास मला!"

"तू हसला असतास."

"हसलो असतो. आणि माझे जुने बूट दिले असते. लोण्यासारखे झालेत."

रागावला असता तर बरं, असं उत्तमचं तोंड झालं. दुसऱ्या दिवशी दमयंतीचा भाऊ आला. तिने भांडी बांधली, पोरांना उचललं. जाताना एवढंच म्हणाली, "दत्तू भावोजींच्या घरी मनिऑर्डर येईल आता." ते तिने मुद्दाम म्हटलं की सहज, देव जाणे. उत्तमला जिथे लागायचं तिथे लागलं.

दत्तूला पुढे बुलाव्यावर बुलावा मिळत गेला. नाईक झाला, फीत लागली, पोरगी नर्स झाली. उत्तमची मिल उघडलीच नाही. तो भायखळ्याहून भाजी आणून चाळीखाली विकायचा. दमयंती दोन वर्षांनी परत आली, तोवर धाकटा पोरगा बापाला ओळखेना. मग मिलच्या जागेवर काचेची इमारत उभी राहिली आणि उत्तम तिथे वॉचमन लागला. एजन्सीने गणवेश दिला. आधीच्या वॉचमनचा. बूटही त्याचेच. आल्या दिवशी त्याने मला ते दाखवले आणि नुसता हसला.

परवा चाळ रिकामी करायची म्हणून सगळे किल्ल्या द्यायला जमले. दत्तू कल्याणहून आला, ताठ, बूट आरशासारखे. मला "जय भीम, ताई" म्हणाला आणि थेट उत्तमकडे गेला.

"तुझ्या बुटांवर माझं घर उभं राहिलं, उत्तम. मी पोरांना सांगतो."

"मग परत दे."

"स्टोअरला जमा केले की रे. नियमच तसा."

दोघे हसले. बाकीचेही हसले. दत्तू पुढे सरकल्यावर उत्तम त्याची चाल बघत राहिला. अजून एकसारखी, दोन्ही पायांवर समान वजन.

मी वैतागून म्हटलं, "आता तरी सोड ना रे. म्हातारे झालात दोघं."

"सोडलं असतं, ताई," तो दत्तूच्या टाचांवरची नजर न काढता म्हणाला. "त्या दिवशी त्याला एक फोड आला असता ना, एकच, तर कधीच सोडलं असतं."