दादांनी न लावलेलं पदक

आबा, म्हणजे माझे आजोबा, जयंतीच्या दिवशी छातीवर चार पदकं लावायचे. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी परदेशी, बसऱ्याकडं लष्करासाठी रूळ टाकले होते. आमच्या गावातली, अंथुर्ण्यातली मिरवणूक विहारापासून निघाली की ते बँडच्याही पुढं. कुणी फोटो काढतंय अशी नुसती शंका आली तरी आणखी ताठ व्हायचे. आम्ही पोरी मागून खिदळायचो.

माझे वडील, दादा, बारामतीच्या रेल्वे लाईनवर रूळ राखणाऱ्या गँगचे मुकादम होते. एका पावसाळ्यात ओढ्यावरचा रुळांखालचा भराव वाहून गेला, तेव्हा लाल झेंडी घेऊन ते दौंडकडून येणाऱ्या गाडीसमोर धावले. गाडी थांबली, माणसं वाचली. रेल्वेनं त्यांना शौर्यपदक दिलं. ते त्यांनी एकदाही लावलं नाही, आणि आबांना त्याचा भयंकर राग होता. बापलेकांनी एकदा तरी पदकं लावून मिरवणुकीत बरोबर चालावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांचे पाय सुजायला लागले आणि त्यांनी हट्टच धरला.

"औंदा लाव. पुढल्या साली मी न्हाय."

जयंतीची सकाळ होती, आबा पदकं लावून तयार होते आणि दादा चपला घालत होते. ते तसेच उंबऱ्यावर बसले.

"आबा, त्या दिशी माझ्यासंगं एक गडी हुता. रूळ तुटला की दोन्हीकडं झेंडी न्यायची, असा नेम हाय. मी दौंडकडं पळालो. त्याला वढ्यापल्याड, बारामतीकडं धाडला. व्हावून गेला त्यो."

"नेम पाळलास की."

"एकेरी लाईन हाय, आबा. दौंडची गाडी पोचल्याबिगर बारामतीची सुटत न्हाय. तिकडनं काय बी येणार न्हवतं. मला ठावं हुतं. तरी धाडला."

आईनं चुलीपुढून मान वर केली नाही. तिला माहीत असावं. मला दादांचा राग आला, आणि लगेच त्या रागाचीच लाज वाटली.

 बसऱ्याच्या गोष्टी आबांनी आम्हाला ढीगभर सांगितल्या होत्या, खजुराच्या, उंटांच्या, सगळ्या हसवणाऱ्या. ही कधीच सांगितली नव्हती.

"मी बी धाडला हुता एकाला, रूळ जोडाया. वरनं बाँब पडत हुतं. हुकूम हुता."

बाहेर बँड सुरू झाला. आबा सदऱ्यावरची पिन काढू लागले, पण ती निघेना. दादांनी उठून त्यांची पदकं उतरवली आणि त्यांच्या शेजारी बसले. मिरवणूक दारावरून निघून गेली.