उलट्या हाताने पाहिलेला उजेड

लालबुंद पोलाद तेलात बुडवताना जो जळकट, किंचित गोडसर वास उठतो, तो माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या भट्टीवर मी उभा जन्म हत्यारांना पाणी दिलं. चौथी नापास माणूस. पण तुकडा विटकरी झाला, गाजरासारखा झाला, केशरातून पिवळ्याकडे झुकला, हे मी नुसत्या नजरेने सांगायचो आणि शिकलेले साहेब वहीत उतरवून घ्यायचे. त्या डोळ्यांना कुणी सुरी लावायची नाही, असं म्हणत मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मी दोनदा मोडली. आता सोमवारची तिसरी. हीही मोडलीत तर उजव्या डोळ्याचा भरवसा देत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलेलं.

माघातली दुपार होती, खिडकीतलं ऊन फरशीवर पातळ तुपासारखं पसरलेलं. फिजिक्स शिकणारी माझी नात सुप्रिया लॅपटॉप घेऊन शेजारी बसली आणि आकाशाच्या एकाच तुकड्याची दोन चित्रं तिने माझ्या नाकाशी धरली. पहिल्यात काजळाचा डाग. दुसऱ्यात त्याच डागाच्या पोटात कोवळ्या ताऱ्यांचा सडा.

“ह्यात रंग कुणी भरले?”

“माणसांनीच. दुसऱ्यातला उजेड डोळ्याला दिसतच नाही, आबा.”

“मग थापच की ती.”

“थाप कसली? उष्णतेचा उजेड आहे तो. धुळीच्या ढगातून आरपार येतो.”

मी हट्टाने तोंड फिरवलं, पण मन भट्टीपाशी गेलं. आमच्यात रिवाज होता: जमिनीवरचा तुकडा कितीही काळा, निवलेला दिसो, आधी त्याच्यावर वीतभर उंचीवरून उलटा हात धरायचा, ऊब लागली तर शिवायचं नाही. वस्ताद म्हणून मिरवण्याच्या दिवसांत एकदा मी, मला नजरेला कळतं, म्हणत तसाच उचलला, आणि तळव्याची कातडी त्याला चिकटून राहिली. लाली विझली होती, पण ते लोखंड उजळतच होतं. माझा डोळा तिथवर पोचत नव्हता, इतकंच.

हे सांगितलं तशी ती हसली. “म्हणजे तुम्ही खगोलशास्त्रज्ञच की. फक्त हात भाजून घेतलेले.”

मग ती सांगत राहिली. नारायणगावाकडच्या माळावर भरदिवसा आकाशाकडे कान लावून बसलेल्या अजस्र तबकड्या, ज्यांना थंडगार वायूची रेडिओतली कुजबुज कळते. आणि हवेच्या थरापलीकडे सोडलेल्या दुर्बिणी, पांढऱ्याच्याही पुढे तापलेल्या वायूचे क्ष-किरण टिपणाऱ्या. प्रत्येक उजेडाला वेगळा डोळा. ऐकताना मला त्या न पाहिलेल्या माणसांविषयी आदर दाटून आला. एवढी शिकलेली माणसं, आणि त्यांनी आरंभच केला तो आपली नजर तोकडी आहे हे मान्य करून. मला एवढं म्हणायला ऐंशी वर्षं पुरली नव्हती.

“सोमवारी किती वाजता बोलावलंय?” मी विचारलं.

तिने चमकून पाहिलं. “नऊ वाजता. आणि आजपासून थेंब घालायचेत. तोंड फिरवायचं नाही हं.”

थेंब घालून घेतले. डोळा चुरचुरत असताना खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या टॉवरवर नुसतं भगभगीत, रिकामं आभाळ होतं. त्यात मला काहीच दिसलं नाही, आणि तिथे काही नाही असं म्हणायला जीभ उचलली नाही.