मिशीखालचं मिरिस्टेट

आमच्या गावच्या उत्सवात नाटक गावकरीच करतात आणि एकदा पदरात पडलेलं काम सहसा सुटत नाही. माझ्या पदरात पडद्याची दोरी होती. गेल्या वर्षी इन्स्पेक्टरचं काम करणाऱ्या मुंबईकराला नोकरीतून रजा मिळाली नाही, म्हणून ती भूमिका माझ्याकडे आली. वठली तर कायमची माझी, नाहीतर परत दोरी.

रंग लावण्याआधी आमचे नट तोंडाला खोबरेल चोळतात. मला ते गावंढळ वाटलं. भाचीच्या क्रीमच्या डबीवर मी ‘आयसोप्रोपिल मिरिस्टेट’ हे नाव वाचलं होतं. कातडी मऊ करतं, लगेच जिरतं, तेलकटपणा नाही. ते नुसतंही विकत मिळतं असं कळल्यावर बाटली मागवली. पाण्यासारखं पातळ, ना रंग ना वास. एवढ्या निर्गुण वस्तूचं एवढं लांब नाव! तरी देवळाच्या पायरीवर बसून मी ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होतो. दहावीला शास्त्रात काठावर सुटलेला माणूस, पण तोरा प्रयोगशाळेचा.

“अहो, सगळे लावतात तेच लावा,” बायको म्हणाली. मी तिच्याकडे कीव येऊन पाहिलं आणि बाटली तोंडभर जिरवली.

रंगवणारे काका मिशी चिकटवण्याआधी प्रत्येकाचा वरचा ओठ फडक्यानं पुसतात. खोबरेल चकाकतं, म्हणून दिसतं. माझा ओठ कोरडा. “तेल नाही ना?” त्यांनी विचारलं. तेलाला शिवलोसुद्धा नाही, असं मी ऐटीत सांगितलं. त्यांनी न पुसताच गम लावला.

दुसऱ्या प्रवेशात चोराला बेड्या घालून मी कायद्यावर गरजलो, आणि मिशीचं डावं टोक हनुवटीवर आलं. दाबलं, तर उजवं सुटलं. चोर झालेला आमचा शेजारी शांतपणे म्हणाला, “सायब, आधी मिशी धरा. मी कुटं जात नाय.”

मंडप बराच वेळ हसत होता. उरलेला कायदा मी ओठावर बोट ठेवून सांगितला.

मग कळलं, चिकटवलेल्या मिश्या सोडवायच्या औषधातही हेच मिरिस्टेट असतं. म्हणजे बाटलीनं आपलं काम चोख केलं, गाढव मीच.

यंदा दोरी माझ्याकडे. उरलेली बाटली तळहातांना लावून संपवत होतो. तालमीत दोरी हातातून सटकली आणि पडदा यंदाच्या नाटकातल्या राजाच्या डोक्यावर आला. आता दिग्दर्शकांनी बजावलंय, “उद्यापासून हात साबणानं धुऊन या.”