भात सोडला, क्रेन नाही

मी भंडाऱ्याकडचा, धानाच्या मुलखातला. आमच्याकडे जेवण म्हणजे भात. सकाळी शिळा, दुपारी ताजा, रात्री पुन्हा ताजा. पुढे भिलाईत, खुर्सीपारच्या वस्तीत, आमच्या शेजारी एक बिहारी कुटुंब राहायचं. ती माणसं रात्री नुसत्या पोळ्या खायची आणि आमच्या घरी त्यांची मनापासून कीव केली जायची.

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. मी तिथल्या पोलाद कारखान्यात क्रेन चालवत होतो. वितळलेल्या पोलादानं भरलेली अवाढव्य बादली, तिला आम्ही लॅडल म्हणायचो, ती उचलून एका जागेवरून दुसऱ्या जागी नेऊन रिकामी करायची हे माझं काम. खाली माणसं वावरत असतात. हात चुकला तर काय होईल, याचा विचार करत बसणाऱ्यानं त्या केबिनमध्ये चढूच नये. हेल्पर म्हणून लागलो होतो, तिथपासून त्या केबिनपर्यंत पोचायला माझी तरुणपणाची सगळी वर्षं गेली होती. मला तिचा गर्व होता. अजूनही आहे.

दरवर्षीच्या तपासणीत साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "मीठा बंद. चावल कम. कंट्रोल नहीं हुआ तो क्रेन से उतरना पड़ेगा. ऊपर चक्कर आ गया तो नीचेवालों का क्या होगा?"

घरी येऊन बायकोला एवढंच सांगितलं की गोड बंद, नाहीतर क्रेन गेली. भाताचं सांगायचं सुचलंच नाही. भात कधी कुणाला बाधतो का, अशी आमची समजूत. तिनं साखरेचा डबा वरच्या फळीवर टाकला. गूळ शेजारी देऊन टाकला. आणि मग आमच्याकडे आजारी माणसाचं जे करतात ते तिनं माझं सुरू केलं. तिनं मला पेज द्यायला सुरुवात केली.

तांदूळ भरपूर पाण्यात अगदी मऊ शिजवायचा, त्यात मीठ घालायचं आणि प्यायचं. ताप असो, बाळंतीण असो, म्हातारपण असो, आमच्या गावात पेजेवाचून माणूस बरा होत नाही. "बिमार माणसाले पेजच पायजे जी, पोटाले हलकी राह्यते," असं म्हणून ती सकाळी पेज द्यायची, डब्यात पेज द्यायची, संध्याकाळी आल्याबरोबर पुन्हा पेज. वर रात्रीचा भात होताच. भट्टीच्या आगीत ती गार पेज अमृत लागायची. मी मिठाईकडे बघतही नव्हतो आणि आपण फार मोठा संयम पाळतोय अशा थाटात वावरत होतो.

पुढच्या तपासणीत साखर दणकून वाढलेली. डॉक्टरांनी विचारलं, "खाते क्या हो?" मी छाती फुगवून सांगितलं की गोडाचा कण नाही, फक्त पेज. "ये पेज क्या होता है?" मी समजावून सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे भाई, दिन भर चावल घोल के पी रहे हो!"

मला क्रेनवरून उतरवलं. पुढच्या तपासणीपर्यंत स्टोअरमध्ये बसायचं, तेव्हाही साखर अशीच निघाली तर कायमचं खाली. स्टोअरमधून क्रेनची घंटा ऐकू यायची. माझ्या केबिनमध्ये दुसरा कुणी बसलाय हे मला सहन होत नव्हतं. मी चिडायचो, विनाकारण कुणावरही.

बायको रडली. "मायाच हातानं तुमाले पाजून राह्यली होती मी."

"रडू नको," मी म्हटलं. "उद्यापासून माया ताटात भात नाई."

"मंग खासान काय?"

हा प्रश्न खराच होता. पोळी आमच्याकडे सणावारापुरती. तिच्या पहिल्या पोळ्या एका बाजूनं कच्च्या आणि दुसऱ्या बाजूनं करपलेल्या निघाल्या. मग ज्यांची आम्ही कीव करायचो त्या बिहारी बाईंकडेच ती शिकायला गेली. त्यांनी हसत हसत शिकवलं. मग रोज पोळी, घट्ट वरण, बाजारात मिळेल ती पालेभाजी. खिशात फुटाणे. सल्ले देणाऱ्यांना मात्र तोटा नव्हता. कुणी कारल्याचा रस सांगायचं, कुणी जांभळाच्या बियांची पूड. "मले जे सांगतलं ते मी करून राहिलो, तुमचं तुमच्याजवळ ठेवा," म्हणून मी तोडून टाकायचो. त्यामुळे दोन-चार जण कायमचे दुखावले. दुखावू देत.

पोट भरायचं, पण जेवलो असं वाटायचं नाही. शेजारच्या चुलीवर भात उकळायला लागला की वास यायचा आणि मी उठून सेक्टरच्या, म्हणजे कारखान्याच्या वसाहतीच्या, दिशेनं चालत सुटायचो.

त्यातच दिवाळी झाली आणि थोरले भाऊ गावाहून नवे तांदूळ घेऊन आले. दरवर्षी यायचे. वावरातला नवा भात घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून खायचा हा आमचा रिवाज. त्या दिवशी नाही म्हणणं म्हणजे घराला नाही म्हणणं. बायकोनं भीतभीत माझ्या ताटात चमचाभर भात वाढला. भाऊंनी तिच्या हातातून भातवाढी घेतली आणि स्वतः ढीग घातला.

मी एक घास खाल्ला. इतका गोड लागला की डोळ्यांत पाणी आलं. आणि हात थांबवला.

"खा न बाबू. कावून थांबला? आपल्या वावरातला हाय."

"भाऊ, हे खाल्लं तर मले क्रेनवर चढू देनार नाईत."

"वर्सातून एक डाव खाल्ल्यानं काय होते?"

"आज तुमी हाय, उद्या दुसरं कोनी येईन. मी आजच नाई म्हनून राहिलो."

आवाज चढला होता. थोरल्या भावापुढे मी असा कधी बोललो नव्हतो. मला वाटलं, आता भाऊ उठतात पानावरून. त्यांनी माझं ताट ओढून घेतलं. त्यातला सगळा भात, मी हात लावलेला, आपल्या ताटात घेतला आणि मान खाली घालून खायला लागले. थोरला भाऊ धाकट्याचं उष्टं खातो असं आमच्या घरात कुणी पाहिलं नव्हतं. बायकोनं माझ्यापुढे पोळी ठेवली. ते जेवण मी कसं गिळलं ते माझं मला माहीत.

पुढच्या तपासणीचा कागद डॉक्टरांनी दोनदा पाहिला आणि म्हणाले, "जाओ ऊपर. लेकिन यही खाना ज़िंदगी भर."

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला मी शिडी चढलो. खालून हाताची खूण झाली आणि मी लॅडल उचलली. निवृत्तीच्या दिवसापर्यंत त्या केबिनमध्ये मीच बसलो. त्यानंतर भात मी पोटभर कधी खाल्ला नाही. सवय होऊन जाते, असं लोक म्हणतात. मला झाली नाही. मला रोज भाताची भूक लागते, आणि रोज मी पोळी खातो.